लोकसभेचे पहिले अध्यक्ष : दादासाहेब मावळंकर



वार्तापत्राच्या या अंकात कोणत्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे, याचा आम्हाला यंदा फार विचार करावा लागला नाही. आपल्याच विद्यालयातल्या बालसंसदेत घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने ते ठरवून टाकले.

त्या दिवशी सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि पिण्याच्या पाण्याची टाकी महिन्यातून किती वेळा धुतली जाते, असे तिने विचारले. स्वच्छतामंत्री झालेल्या विद्यार्थ्याकडे उत्तर नव्हते. मागच्या रांगेतल्या मोठ्या मुलांनी बाके वाजवायला सुरुवात केली. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला दहावीचा विद्यार्थी त्यांचाच मित्र, तोही हसू लागला. मुलगी खाली बसली, पुढचा विषय सुरू झाला. आम्ही पाहुण्यांच्या शेजारी बसलो होतो. कार्यक्रम छान रंगला असे समजून आम्हीही टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावर लक्षात आले की प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर टाकी शेवटची कधी धुतली याची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे प्रश्न अगदी योग्य होता, आणि तो आपण सर्वांनी मिळून बुडवला होता. त्या मुलीची आम्ही वर्गात जाऊन माफी मागितली.

एकट्या माणसाने विचारलेला प्रश्न गोंगाटात बुडू नये, यासाठी सभागृहाला नियम लागतात आणि ते नियम पाळणारा अध्यक्ष लागतो. आपल्या देशात हे काम ज्यांनी पायापासून उभे केले ते गणेश वासुदेव मावळंकर. सगळा देश त्यांना दादासाहेब म्हणत असे. त्यांची माहिती आपल्या मुलांना असावी, म्हणून हा लेख.

कोकणातून गुजरातेत

दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याला झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातील मावळंगे गावचे. त्या गावावरूनच मावळंकर हे आडनाव आले. आपल्यापैकी पुष्कळ घरांची गोष्ट अशीच आहे. कुणाचे पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले, कुणाचे गायकवाडांच्या बडोद्यात गेले. घरात मराठी राहिली आणि बाहेरचे सगळे जग दुसऱ्या भाषेत उभे राहिले. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ही ओढाताण आम्हाला ठाऊक आहे. दादासाहेबांनी तिची कधी तक्रार केली नाही. ते अहमदाबादचेच झाले, गुजरातीत बोलले, गुजरातीत पुस्तके लिहिली, आणि मावळंकर हे कोकणातले नाव त्यांनी दिल्लीत सर्वांत उंच खुर्चीपर्यंत नेले.

त्यांचे सुरुवातीचे शिक्षण राजापूर आणि मुंबई इलाख्यातल्या इतर गावी झाले. १९०२ साली ते अहमदाबादला आले. तिथल्या गुजरात कॉलेजातून १९०८ साली ते विज्ञान विषय घेऊन पदवीधर झाले. पुढे कायद्याचा अभ्यास करून १९१२ साली ते परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली करू लागले. विज्ञान आणि कायदा, दोन्ही विषय असे की ज्यात अघळपघळ बोलून चालत नाही. पुढच्या आयुष्यात ही सवय त्यांच्या फार उपयोगी पडली.

नगरपालिका ही पहिली शाळा

त्याच अहमदाबादेत वल्लभभाई पटेल वकिली करत होते आणि १९१५ साली महात्मा गांधींनी आपला आश्रमही तिथेच स्थापन केला. दादासाहेब या दोघांच्या जवळ आले. चांगली चालणारी वकिली असूनही ते सार्वजनिक कामात पडले. गुजरात सभेचे सचिवपद, खेड्याचा सत्याग्रह, दुष्काळात आणि पुरात मदतकार्य, मग असहकाराचे आंदोलन, अशी कामे एकामागून एक येत गेली. १९२१-२२ मध्ये ते गुजरात प्रांतिक काँग्रेस समितीचे सचिव होते.

१९१९ साली ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले. पुढे १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ या काळात ते तिचे अध्यक्षही झाले. नगरपालिका म्हणजे नळ, गटार, दिवाबत्ती, झाडलोट. मोठ्या भाषणांना तिथे फारसे स्थान नसते. पण विषयपत्रिका वेळेवर निघाली नाही, मागच्या सभेचा वृत्तांत नीट लिहिला नाही, कुणाला बोलू दिले आणि कुणाला नाही, अशा गोष्टींवरून तिथे खरी भांडणे होतात. ज्याचा नळ कोरडा आहे त्याच्या नगरसेवकाला पाच मिनिटे मिळतात की नाही, यावर त्या गल्लीचे पाणी अवलंबून असते. सभा चालवण्याचे पहिले धडे दादासाहेब इथेच शिकले असे म्हणायला हरकत नाही.

मिठाच्या सत्याग्रहापासून १९४२च्या चले जाव आंदोलनापर्यंत त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. तुरुंगात त्यांना चोर, दरोडेखोर, खुनी असे कैदी भेटले. दादासाहेब त्यांच्याजवळ बसले, त्यांची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि पुढे त्यावर ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक लिहिले. ज्याचे कुणी ऐकत नाही त्याचे ऐकून घ्यायचे, हा त्यांचा स्वभावच होता.

मुंबईची खुर्ची आणि महूचा सुपुत्र

१९३७ साली प्रांतांमध्ये निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि मुंबई विधानसभेच्या अध्यक्षपदी दादासाहेबांची निवड झाली. त्याच सभागृहात विरोधी बाकावर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसत. सिमरोलच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको की बाबासाहेबांचा जन्म इथून जवळच महूला झाला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कोकणातली खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक त्या सभागृहात मांडले. खोत शेतकऱ्याकडून मनमानी वसुली करत, तिच्याविरुद्ध हा लढा होता. सरकार काँग्रेसचे, अध्यक्षही काँग्रेसचे आणि विधेयक विरोधकाचे. बाबासाहेबांच्या पक्षाकडे बहुमत नव्हते, पण नियमाने विधेयक मांडण्याचा हक्क होता. मोजके सदस्य असलेल्या पक्षाला असा हक्क मिळाला की त्याचे म्हणणे सरकारच्या दप्तरात कायमचे लिहिले जाते. खोती पुढे कायद्याने गेली.

तीन मतांचा विजय

जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीतल्या केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने दादासाहेबांना उभे केले. तेव्हा इंग्रजांचेच राज्य होते आणि काँग्रेसला तिथे स्वतःचे बहुमत नव्हते. समोर सर कावसजी जहांगीर होते. २४ जानेवारीला मतदान झाले. दादासाहेबांना ६६ मते पडली, सर कावसजींना ६३. अवघ्या तीन मतांनी ते निवडून आले.

ही खुर्ची साधी नव्हती. १९२५ साली सरदार पटेलांचे थोरले बंधू विठ्ठलभाई पटेल या सभागृहाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले होते. सभागृहाचे कारकून आणि अधिकारी सरकारच्या हाताखाली असू नयेत, अध्यक्षांच्या हाताखाली असावेत, असा आग्रह धरून विठ्ठलभाईंनी १९२९ साली स्वतंत्र सचिवालय मिळवले होते. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच मुनिमाने वही लिहिली तर तपासणी कसली होणार, अशी ही साधी गोष्ट आहे. दादासाहेबांनी तो वारसा जपला आणि सचिवालय आणखी भक्कम केले. आजचे लोकसभा सचिवालय त्यातूनच आले आहे.

१४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री देश स्वतंत्र झाला आणि जुनी केंद्रीय विधानसभा संपली. आता एक पेच उभा राहिला. संविधान सभेला संविधान लिहायचे होते आणि रोजचे कायदे करून सरकारवर लक्षही ठेवायचे होते. दोन्ही कामे एकत्र कशी चालणार? याचा विचार करण्यासाठी दादासाहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने दोन्ही कामे वेगळी करावीत असे सुचवले. माणसे तीच राहिली, पण संविधानाचे काम डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली आणि कायदेमंडळाचे काम वेगळ्या अध्यक्षाखाली चालावे असे ठरले. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या दुसऱ्या खुर्चीवर दादासाहेबांची निवड झाली. पुढे २६ जानेवारी १९५०ला हंगामी संसद आली, तेव्हाही तेच अध्यक्ष राहिले.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. नव्या सभागृहाची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली आणि १५ मे रोजी अध्यक्षांची निवड झाली. विरोधी पक्षांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांना उभे केले होते. मोरे हेही मराठीच. दादासाहेबांना ३९४ आणि मोरे यांना ५५ मते मिळाली. सहा वर्षांपूर्वी तीन मतांनी जिंकलेला माणूस आता ३३९ मतांनी जिंकला. खरी परीक्षा इथूनच सुरू झाली. निम्मे सभागृह विरोधात असेल तर अध्यक्षाला निष्पक्ष राहावेच लागते. समोर मूठभर विरोधक आणि पाठीशी प्रचंड बहुमत असताना निष्पक्ष राहणे जास्त अवघड असते.

सभागृहाचा एक दिवस

लोकसभेचे रोजचे कामकाज कसे चालते ते आता थोडक्यात पाहू. टीव्हीवर आपण हिंदी शब्द ऐकतो, म्हणून मराठी शब्दांसोबत तेही देत आहोत.

बैठक साधारणपणे सकाळी ११ वाजता सुरू होते. किमान एकदशांश सदस्य हजर असल्याशिवाय कामकाज चालत नाही, याला गणसंख्या किंवा कोरम म्हणतात. आज ५४३ सदस्यांच्या सभागृहात ही संख्या ५५ होते. ती नसेल तर घंटा वाजवून सदस्यांना आत बोलावले जाते.

पहिला तास प्रश्नोत्तरांचा, म्हणजे प्रश्नकाल. सदस्य ठरावीक दिवस आधी लेखी प्रश्न पाठवतात. ज्या प्रश्नावर तारा छापलेला असतो तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्री उभे राहून तोंडी देतात आणि त्यावर लगेच पूरक प्रश्न विचारता येतात. अशा प्रश्नांची यादी दिवसाला २० पर्यंत असते. बाकीचे अतारांकित, त्यांची उत्तरे लेखी मिळतात, आणि ते दिवसाला २३० पर्यंत असतात. कोणाचा प्रश्न कोणत्या क्रमांकाला येणार हे सोडतीने ठरते. त्यामुळे मोठ्या पक्षाचा सदस्य आणि एकटा अपक्ष सदस्य तिथे एकाच रांगेत उभे राहतात. प्रश्न विचारण्याची पद्धत इंग्रजांच्या काळात, १८९२ पासून सुरू झालेली होती. स्वतंत्र भारतात हा तास नियमित आणि धारदार झाला तो दादासाहेबांच्या काळात. हा तास किती मोलाचा आहे हे सप्टेंबर २०२० मध्ये कळले. महामारीमुळे त्या अधिवेशनात प्रश्नकाल ठेवला गेला नाही आणि देशभर त्यावर चर्चा झाली.

त्यानंतर कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात, मग विधेयकांची चर्चा होते. ज्याला शून्यकाल म्हणतात तो प्रकार मात्र दादासाहेबांच्या नंतरचा, १९६०च्या दशकातला आहे. विधेयकाची तीन वाचने होतात. मांडणी, मग तत्त्वावर आणि एकेका कलमावर चर्चा, आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर मत. आधी होकार आणि नकार आवाजाने घेतात. कुणी हरकत घेतली तर मते मोजली जातात. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. दोन्ही बाजूंना समान मते पडली तरच देतात. शुक्रवारी अडीच तास खासगी सदस्यांसाठी, म्हणजे जे मंत्री नाहीत त्यांच्या विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी असतात.

हे सगळे रुक्ष वाटते. मुलांना वेळापत्रकही असेच रुक्ष वाटते. पण वेळापत्रक नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचाच तास होतो.

समित्यांचा संसार

सभागृहात भाषणे होतात, पण बारकाईचे काम समित्यांत होते. दादासाहेबांच्या काळात एकेक समिती उभी राहिली. १९५० साली अंदाज समिती आली. सरकारच्या खर्चात काटकसर कुठे होऊ शकते ते ती पाहते. १९५२ साली कामकाज सल्लागार समिती आली. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे सर्व पक्षांचे प्रतिनिधी अध्यक्षांसोबत बसून ठरवू लागले.

१९५३ साली आश्वासन समिती आली. ती आम्हाला सर्वांत आवडते. मंत्री सभागृहात सांगतात की चौकशी करू, विचार करू, माहिती मिळवून कळवू. पूर्वी असे शब्द हवेत विरून जात. ही समिती असे प्रत्येक आश्वासन लिहून ठेवते आणि ते पुरे झाले की नाही हे सरकारला विचारत राहते. आपल्या घरातही असा एखादा वहीवाला असता तर किती कामे वेळेवर झाली असती.

त्याच वर्षी दुय्यम विधान समितीही आली. संसद कायदा करते, पण त्याखालचे बारीक नियम सरकारी खाती तयार करतात. ती कायद्याच्या बाहेर जात नाहीत ना, हे तपासण्याचे काम या समितीचे. तिचे अध्यक्षपद दादासाहेबांनी विरोधी बाकावरील निर्मलचंद्र चटर्जी यांना दिले. पहारेकरी घरमालकाच्या नात्यातला नसावा, हे त्यांनी कृतीने दाखवले.

१४ मे १९५४ रोजी या सभागृहाचे लोकसभा हे नाव जाहीर झाले, तेही दादासाहेबांच्याच कारकिर्दीत.

टीका आणि कसोटी

थोर माणसाच्या चरित्रात फक्त सत्कार सांगितले तर मुलांची फसवणूक होते. दादासाहेबांवर टीकाही पुष्कळ झाली.

पहिला वाद तहकुबी सूचनेचा. तिला हिंदीत स्थगन प्रस्ताव म्हणतात. एखादी गंभीर घटना घडली तर ठरलेले काम बाजूला ठेवून तिच्यावर चर्चा करा, अशी ही मागणी असते. इंग्रजांच्या काळात सरकार सभागृहाला जबाबदार नव्हते, म्हणून त्याला धारेवर धरण्याचे हेच मोठे हत्यार होते आणि अशा सूचना सढळ हाताने स्वीकारल्या जात. १९५० साली दादासाहेबांनी ठरवून दिले की आता सरकार आपले आहे, सभागृहाला जबाबदार आहे, प्रश्न विचारण्याचे इतर मार्ग आहेत, तेव्हा ही सूचना अपवाद म्हणूनच घ्यावी. विरोधकांना हे फार खटकले. हातातले हत्यार काढून घेतले असे त्यांना वाटले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे आम्हाला वाटत नाही. पण मार्ग बंद करताना दादासाहेबांच्या काळात दुसरे मार्ग उघडलेही गेले. अर्ध्या तासाची चर्चा, अल्पकालीन चर्चा आणि १९५४ पासूनची लक्षवेधी सूचना, म्हणजेच ध्यानाकर्षण, ही सगळी त्याच काळातली आहेत.

दुसरा वाद विरोधी पक्षाच्या मान्यतेचा. सभागृहाच्या एकदशांश सदस्य असलेल्या गटालाच विरोधी पक्ष म्हणून मान्यता देण्याची प्रथा त्यांनी पाडली. सभागृह चालवायला जितके लोक लागतात तितके तरी त्या पक्षाकडे असावेत, हा त्यामागचा हिशेब होता. पहिल्या लोकसभेत सर्वांत मोठा विरोधी पक्ष कम्युनिस्टांचा होता आणि त्याच्या जागा १६ होत्या. त्यामुळे मान्यताप्राप्त विरोधी पक्ष असा कुणी उरलाच नाही. या प्रथेवर नंतरच्या काळातही वाद होत राहिले.

१९५४ सालच्या डिसेंबरात कसोटीची वेळ आली. अध्यक्ष पक्षपात करतात असे म्हणत काही विरोधी सदस्यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत अध्यक्षांविरुद्ध आलेला हा पहिलाच ठराव. १८ डिसेंबरला त्यावर चर्चा झाली. नियमाप्रमाणे अशा वेळी अध्यक्ष खुर्चीवर बसत नाहीत. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालवले. पंतप्रधान पंडित नेहरू दादासाहेबांच्या बाजूने ठामपणे बोलले, पण त्याचबरोबर पक्षादेशाचे बंधन मानू नका, ज्याला जसे वाटते तसे मत द्या, असेही त्यांनी आपल्या सदस्यांना सांगितले. ठराव फेटाळला गेला. ज्या नियमांचा दादासाहेबांनी आयुष्यभर आग्रह धरला त्याच नियमांनी विरोधकांना त्यांच्याविरुद्ध बोलण्याची जागा दिली. त्यांनी ती अडवली नाही, आणि ठराव फेटाळल्यावर पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसले.

ते सरकारच्या बाजूचे होते असे म्हणणाऱ्यांनी वटहुकमांची गोष्टही लक्षात ठेवावी. वटहुकूम म्हणजे अध्यादेश. संसद चालू नसताना सरकार त्याद्वारे तातडीचा कायदा करते. संसदेला वेळ नव्हता, म्हणून वटहुकूम काढला, ही सबब दादासाहेबांना पटत नसे. खरीच आणीबाणी असेल तरच हा मार्ग घ्यावा, नाहीतर संसदेची किंमत कमी होते आणि वाईट पायंडा पडतो, असे त्यांनी १९५० साली आणि पुन्हा १९५४ साली पंतप्रधानांना पत्राने कळवले. नेहरूंसारखे लोकप्रिय पंतप्रधान, पक्ष एकच, मैत्री जुनी. तरीही त्यांनी लिहिले. वटहुकमाच्या जागी विधेयक आणताना तो का काढावा लागला याचे निवेदन द्यावे, असा नियम आज लोकसभेत आहे. तरी वटहुकूम निघतच राहिले. या लढाईत दादासाहेब पूर्ण जिंकले असे म्हणता येणार नाही.

इंग्लंडमध्ये अध्यक्ष झालेला सदस्य आपला पक्ष सोडतो. आपल्याकडची परिस्थिती अजून तशी नाही असे दादासाहेबांचे मत होते. ते काँग्रेसचे सदस्य राहिले, मात्र पक्षाच्या वादविवादांपासून दूर राहिले. हे पुरेसे होते की नाही, यावर आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाद घालावा.

इंदूरशी नाते

सिमरोलहून इंदूरला जाताना खंडवा रस्त्यावर कस्तुरबाग्राम लागते. आपण सगळे बसमधून ते कितीतरी वेळा पाहतो. कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक न्यासाचे हे मुख्य केंद्र. खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी काम करणाऱ्या या न्यासाचे पहिले अध्यक्ष स्वतः महात्मा गांधी होते, पुढे सरदार पटेल झाले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ही जबाबदारी दादासाहेबांकडे होती. त्यांच्यानंतर ती प्रेमलीलाबाई ठाकरसी यांच्याकडे गेली. दिल्लीची खुर्ची सांभाळून दादासाहेबांनी आपल्या या रस्त्यावरच्या संस्थेचाही भार वाहिला, हे इथल्या मराठी माणसांना क्वचितच माहीत असते.

दुसरे नाते तर सर्वांना ठाऊक आहे. १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे इंदूरच्या खासदार राहिलेल्या सुमित्राताई महाजन २०१४ साली लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. ताईंचे जन्मगाव चिपळूण, म्हणजे दादासाहेबांच्या मावळंग्याच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. एक घराणे गुजरातेत गेले, एक लेक माळव्यात आली, आणि दोघांच्या वाट्याला तीच खुर्ची आली. परमुलखात राहूनही सर्वांचे होता येते, याची ही दोन उदाहरणे आपल्या मुलांसमोर आहेत.

अखेर

सततच्या प्रवासाने आणि कामाने दादासाहेबांची प्रकृती ढासळली. जानेवारी १९५६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादला त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते आणि लोकसभेच्या अध्यक्षपदावरच होते. त्यांच्या जागी अनंतशयनम् अय्यंगार अध्यक्ष झाले. दादासाहेबांच्या पत्नी सुशीलाबाई त्याच वर्षी पोटनिवडणुकीत बिनविरोध लोकसभेवर निवडून आल्या. पुत्र पुरुषोत्तम मावळंकर हेही पुढे १९७२ साली अपक्ष म्हणून खासदार झाले. पंडित नेहरूंनी दादासाहेबांना लोकसभेचे जनक म्हटले, आणि आजही त्यांची ओळख तशीच दिली जाते.

त्यांनी कोणती लढाई जिंकली नाही, मोठा महाल बांधला नाही. मागे ठेवला तो नियमांचा संच, समित्यांच्या वह्या आणि खुर्चीचा मान. २०२३ पासून लोकसभा नव्या इमारतीत भरते. इमारत बदलली, पण तारांकित प्रश्न तेच आहेत आणि आश्वासन समितीही तीच आहे.

आपल्या बालसंसदेसाठी

आता आपल्या विद्यालयाकडे वळू. पुढच्या बालसंसदेसाठी आम्ही चार नियम केले आहेत. प्रश्न तीन दिवस आधी लेखी द्यायचा आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. प्रश्न विचारला जात असताना बाक वाजले तर अध्यक्षाने कामकाज थांबवायचे. अध्यक्षाने कोणत्याही बाजूने हसायचे नाही की मत द्यायचे नाही, मते समान पडली तरच द्यायचे. आणि चौथा नियम आमच्यासाठी आहे. शिक्षकांनी किंवा आम्ही दिलेले प्रत्येक आश्वासन एका वहीत लिहायचे आणि पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवायचे.

ती वही सहावीतल्या त्याच मुलीकडे दिली आहे. पहिल्या पानावर पाण्याच्या टाकीचे आश्वासन आहे. टाकी आता दर पंधरा दिवसांनी धुतली जाते आणि तारीख टाकीवरच लिहिली जाते. दुसऱ्या पानावर वाचनालयाच्या पंख्याचे आश्वासन आहे. ते या महिन्यात पुरे करायचे आहे, नाहीतर आम्हाला उभे राहून उत्तर द्यावे लागेल.

२६ नोव्हेंबरला आपण संविधान दिवस साजरा करतो. दुसऱ्याच दिवशी, २७ नोव्हेंबरला, दादासाहेबांची जयंती असते. यंदापासून त्या दिवशी बालसंसद भरवायचे ठरले आहे. पालकांनी अवश्य यावे, मागच्या बाकांवर बसावे आणि टाळ्या वाजवण्याआधी प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही ते पाहावे. दादासाहेबांना आपली हीच आदरांजली.

आपले नम्र,
प्राचार्य